गल्ला वेगळा असावा

कवीने बँकेविषयी बोलावे याचे तुम्हाला नवल वाटेल. मानधनाचा धनादेश भरण्यापलीकडे माझा बँकेशी फारसा संबंध आला नाही. पण गेल्या वर्षी रमजान ईदच्या आठ दिवस आधी माझी भाची घरी आली आणि म्हणाली, "मामू, खात्यात पैसे आहेत, पण काढता येत नाहीत."

ती सोलापुरात राहते. चादरी आणि टॉवेल ऑनलाइन विकते. ऑर्डर मोबाइलवर येते, पैसे यूपीआयने येतात. ते सगळे तिच्या साध्या बचत खात्यात जमा होत. त्याच खात्यातून घरचा किराणा, मुलाची फी आणि कडा शिवणाऱ्या चार बायकांची मजुरी जाई. रोज इतक्या अनोळखी लोकांकडून रकमा का येतात, असे बँकेने पत्राने विचारले होते. ते पत्र तसेच पडून राहिले आणि खाते थांबले. बायकांची मजुरी आम्ही इकडून तिकडून गोळा करून ईदच्या आदल्या रात्री दिली.

बँकेवर राग काढणे सोपे होते. पण बचत खाते धंद्याच्या उलाढालीसाठी नसते. आमच्या अब्बांचे छोटे दुकान होते. गल्ल्यातला रुपया घरी आणायचा तरी ते आधी वहीत लिहीत. तो गल्ला म्हणजेच आजचे चालू खाते.

मग आम्ही दोघे तीन बँकांत जाऊन आलो. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, हे तिथे कळले. अम्मी असती तर तिला बरेच वाटले असते. बचत खात्यावरचे व्याज ती बाजूला काढून गरजवंताला देई.

व्याज नाही म्हटल्यावर खाते निवडायचे कशावरून? पहिला प्रश्न, किमान सरासरी शिल्लक किती ठेवायची आणि ती मोडली तर दंड किती? नव्या दुकानाला मोठी शिल्लक परवडत नाही. दुसरा, रोख भरणा किती फुकट? भाचीकडे रोख जवळजवळ येतच नाही. माल पोचल्यावर घेतलेले पैसेही कुरिअरवाले खात्यातच भरतात. म्हणून ही सवलत तिच्या कामाची नव्हती. तिसरा, खाते दुकानाच्या नावाने निघेल का? संकेतस्थळावरचे पैसे गोळा करून देणाऱ्या कंपन्या नाव जुळते का ते पाहतात. चौथा, खाते अडले तर समोर बसून ऐकून घेणारा माणूस शाखेत आहे का? आम्ही या चौथ्या प्रश्नावर बँक निवडली.

कागदपत्रांत पॅन आणि आधारबरोबर धंद्याचे साधारण दोन पुरावे लागतात. जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी हा त्यातला एक. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. एजंटाला पैसे देऊ नका. दुसरा पुरावा शॉप अ‍ॅक्टच्या पावतीचा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पण दुकान एकट्याच्या मालकीचे असेल, तर त्याच बँकेतले तुमचे बचत खाते आणि दुकानाचे चालू खाते मिळून ही मर्यादा मोजली जाते. म्हणून भाचीने घरचे खाते दुसऱ्या बँकेत ठेवले आहे.

आता ती दर महिन्याला दुकानाच्या खात्यातून ठरावीक रक्कम आपल्या घरच्या खात्यात घेते. मजुरी, कापड, कुरिअर जाऊन आपल्या हाती काय उरते, हे तिला पहिल्यांदा कळले. आकडा लहान होता. "पण मामू," ती म्हणाली, "हा माझा आहे."

बायकांची मजुरी आता शनिवारी सकाळीच जाते.