करवंटीतलं बिऱ्हाड

आम्ही दोघी जावा, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावात राहतो. माशांविषयी बोलायचंय म्हटल्यावर केंद्रावरच्या ताईंना वाटलं, आम्ही चिलापीचं कालवण सांगणार. कालवण पुन्हा कधीतरी. आज बोलायचंय ते काचेच्या टाकीतल्या माशांविषयी आणि तिथल्या झाडांविषयी. चिलापी मात्र मध्ये येणारच आहे.

आमच्या मामंजींचा जन्म होडीत आणि जाळ्यात गेला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि ते खाटेला खिळले. बोलणं अडखळतं. टीव्ही लावला तर डोळे मिटून घ्यायचे. दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड. आत्याबाई एकदा सहज म्हणाल्या, "पाण्याचा माणूस, त्याला पाणी दिसंना." ते आम्हाला लागलं. भिशीचे पैसे आले होते. शहरात जाऊन दोन फुटी काचेची टाकी, थोडी झाडं आणि सहा रंगीत मासे घेऊन आलो. पिवळेजर्द, निळेशार. दुकानदार म्हणाला, "आफ्रिकन आहेत, दणकट असतात." त्याच संध्याकाळी नळाचं पाणी भरलं, झाडं खोवली, मासे सोडले.

पाचव्या दिवशी एकही मासा उरला नव्हता. झाडं तर दुसऱ्याच दिवशी उपटून वर तरंगत होती. मामंजींनी सगळे मरताना पाहिले, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. आमची काय अवस्था झाली असेल, तुम्हीच समजा. चांगलं करायला गेलो आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सहा जीव मारले.

रात्री जेवण भरवताना ते दोनच शब्द बोलले. "पाणी कच्चं."

आमच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. शेततळ्यात कुणी पहिल्या दिवशी बोटुकली सोडतं का? आधी शेण टाकतात, पाणी हिरवं होऊ देतात, मग बीज. काचेच्या टाकीचंही तेच आहे, फक्त इथे पाणी हिरवं करायचं नसतं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो माशाला विषासारखा. पाण्यात दोन प्रकारचे चांगले जिवाणू वाढले, की पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, पण नायट्रेट थोडं असेल तर चालतं आणि झाडं ते खातात. हे जिवाणू वाढायला महिना-दीड महिना लागतो. मासे नसले तरी रोज चिमूटभर खाणं टाकायचं, म्हणजे जिवाणूंना चारा मिळतो. कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंजाचा तुकडा मागून आणा, काम लवकर होतं. आपण शेजारणीकडून विरजण आणतो ना, तसंच. पाणी तपासायचे थेंब दुकानात मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की पाणी पिकलं. आम्हाला छत्तीस दिवस लागले.

दुसरी चूक माशांची. आफ्रिका म्हणजे काही एक तळं नव्हे. आम्ही आणलेले मासे मलावी सरोवरातले. तिथलं पाणी कठीण, क्षारांचं. हे मासे खडकांत राहतात, वाळू उकरतात, झाड दिसलं की उपटतात, आणि जागा कमी पडली की एकमेकांचे जीव घेतात. खरं तर आमचं बोअरचं पाणी त्यांना मानवलं असतं, पण दोन फुटी टाकी आणि झाडं नसती मानवली. आम्हाला झाडं हवी होती. झाडांत राहणारे मासे पश्चिम आफ्रिकेतल्या ओढ्यांतले, नद्यांतले. म्हणून आम्ही ठरवलं, क्रिबेन्सिसची एकच जोडी आणायची. दक्षिण नायजेरियाकडचा हा मासा. नर चार इंच, मादी तीन. काँगो टेट्रा आम्हाला फार आवडले होते, पण त्यांना थवा लागतो आणि पोहायला चार फूट तरी लांबी. मोह आवरला.

आता टाकी कशी लावली ते सांगतो. भरल्यावर ऐंशी किलोच्या वर वजन होतं, म्हणून टेबलावर नाही ठेवली. मामंजींच्या खाटेसमोर कडप्प्याचा कट्टा होता, त्यावर थर्माकोल घालून ठेवली. ऊन येत नाही अशी जागा, नाहीतर शेवाळ माजतं. बांधकामाची बारीक वाळू चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुतली. आमची सोळा पाणी झाली. वाळूवर आणि दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. फेसाळलं तर त्यात चुना आहे, घेऊ नका. आपला काळा दगड सहसा चालतो. पाणी अर्धं बोअरचं, अर्धं जारचं, कारण नुसतं बोअरचं या माशांना जड जातं. पंचायतीचं पाणी घेणार असाल तर टाकीत टीसीएल पडलेल्या दिवशी मुळीच घेऊ नका. इतर दिवशीही औषधाचे थेंब टाकून क्लोरीन मारा, मगच भरा.

झाडं दोन. एक अनुबियास, पश्चिम आफ्रिकेतलं, जाड गडद पानांचं. याचं खोड आल्याच्या कुडीसारखं आडवं असतं. ते वाळूत पुरलं की कुजतं, आणि पहिल्या वेळी आम्ही नेमकं तेच केलं होतं. आता दोऱ्याने दगडाला बांधलं, मुळांनी दोन महिन्यांत दगड धरला. दुसरं बोल्बिटिस, पाण्यातलं नेचं. तेही लाकडाला बांधायचं, आणि फिल्टरचं पाणी वाहतं त्या बाजूला ठेवायचं. दोन्हीला फार उजेड लागत नाही, साधा एलईडी सात तास पुरतो. वाढ मात्र अगदी संथ. महिन्याला एखादं पान आलं तर दिवाळी. क्रायनम नावाचं तिसरं एक मनात होतं, आपल्या अंगणातल्या सुदर्शनाच्या कुळातलं. किंमत ऐकून दुकानातच ठेवलं.

मासे लपतात, म्हणून त्यांना घर लागतं. त्याला पैसे घालू नका. नारळाची अर्धी करवंटी शेंड्या काढून, उकळून घ्या, कडेला दोन बोटं जाईल एवढी खाच पाडा आणि पालथी ठेवा.

सदतिसाव्या दिवशी जोडी सोडली. मामंजी कुशीवर वळले. आठवडाभर बघून म्हणाले, "ही चिलापीची भावकी." आम्ही चाट पडलो, कारण खरंच दोघांचं कुळ एक. आपल्याला चिलापी गावची वाटते, पण तीही मूळची आफ्रिकेची. १९५२ साली आपल्या देशात आणली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाच्या चिखलात परातीएवढे गोल खड्डे दिसतात ना, ते चिलापीच्या नराने केलेले. मादी अंडी तोंडात धरते. म्हणून मामंजी रोज विचारायचे, हिने अंडी तोंडात घेतली का?

हिने नाही घेतली. हिचं पोट एक दिवस कुंकवासारखं लाल दिसायला लागलं आणि ती नरासमोर अंग वाकवून थरथरायला लागली. आत्याबाई म्हणाल्या, "हिला लाज कशी ती नाही." मग ती करवंटीत शिरली, ती जेवायलाच बाहेर येई. नर दारात. अंडी करवंटीच्या छताला आतून चिकटवलेली असतात. आठ-नऊ दिवसांनी ती बाहेर आली ती पिल्लांचा घोळका घेऊनच. पिल्लं केवढी, तर मोहरीला शेपूट फुटल्याएवढी. आम्ही मोजली एकोणचाळीस. मामंजी म्हणाले एकेचाळीस. आई पुढे, बाप मागे. एखादं भरकटलं तर बाप ते तोंडात धरून आणायचा आणि घोळक्यात थुंकायचा. हे पाहताना मामंजी हसले. वारं गेल्यापासून पहिल्यांदा, अर्ध्या तोंडाने.

आमच्याकडचे दोन त्रास मात्र लक्षात ठेवा. मे महिन्यात टाकीचं पाणी चौतीसवर गेलं. झाकण काढून जाळी टाकली आणि छोटा पंखा पाण्यावर लावला, माठ गार होतो त्याच न्यायाने तीनेक अंश उतरलं. थंडीत हीटर लागतो, पंचवीस अंशांवर. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचाच. वीज गेल्यावर बॅटरीचा हवापंप चालवतो. बाकी रोज दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं, आणि आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवाल तर विरजण वाहून जाईल. काढलेल्या पाण्यातच तो पिळा.

पिल्लं मोठी झाली, तेवीस राहिली. टाकीत दाटी व्हायला लागली, जुनी जोडी त्यांना हुसकायला लागली. आमच्यातल्या धाकटीचा मुलगा म्हणाला, "धरणात सोडू की." मामंजी एवढे चिडले की डावा हात खाटेवर आपटला. तुटक तुटक बोलले, पण आम्हाला समजलं. त्यांच्या तरुणपणी जाळ्यात दहा तऱ्हेचे मासे यायचे, आता टोपलीभर काढली तरी चिलापीच. त्याच चिलापीवर आमचं घर चाललं, पोरं शिकली, हेही तेच म्हणाले. आफ्रिकन मांगूरही असाच आला, आणि २००० साली सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. टाकीतला मासा धरणात, ओढ्यात, विहिरीत सोडायचा नाही. गणपतीच्या हौदातही नाही.

तेव्हा तेवीसातली बारा पिल्लं द्यायची आहेत, विकायची नाहीत. ज्यांना हवीत त्यांनी आजच पाणी विरजायला घाला आणि ते पिकलं की या. येताना झाकणाचा डबा आणा. पाणी पिकलंय का, हे मामंजी विचारणार आहेत.