आकडा वाढला म्हणजे नक्की काय वाढलं?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या प्रशिक्षण शिबिरातलं भाषण. शब्दांकन करताना थोडं आटोपशीर केलं आहे.)



दरवर्षी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, 'क्राइम इन इंडिया' हा अहवाल येतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळे येतात: 'स्त्रियांवरील गुन्ह्यांत इतके टक्के वाढ', नाहीतर 'इतके टक्के घट'. मग आपल्याला फोन येतात, प्रतिक्रिया द्या म्हणून. आपण तेव्हा तक्ते शोधत असतो. आपल्या जिल्ह्याचा आकडा हाताशी नसतो, मागच्या वर्षीचा तर नसतोच. हे टाळता येतं, एवढंच सांगण्यासाठी मला बोलावलं आहे. पण मी थोडं पुढचंही बोलणार आहे.

काम तसं सोपं आहे. संगणकाला तक्ता द्यायचा आणि एक साचा द्यायचा. साच्यात वाक्यं लिहिलेली असतात, आकड्यांच्या जागा रिकाम्या असतात. प्रोग्राम एकेक जिल्हा घेतो, त्या वर्षाचा आकडा आणि आदल्या वर्षाचा आकडा उचलतो, वजाबाकी करतो, टक्के काढतो आणि पान तयार करतो. आपले ३६ जिल्हे, गुन्ह्यांची समजा १२ शीर्षं आणि १० वर्षांची माहिती धरली, तर लगतच्या वर्षांच्या ३,८८८ तुलना होतात. हाताने करायच्या तर एखादी कार्यकर्ती त्यातच म्हातारी होईल. संगणकाला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागत नाही.

फक्त तक्ता त्याला समजेल असा हवा. सरकारी तक्ते माणसाने कागदावर वाचायला केलेले असतात: वर तीन मजली मथळे, मध्येच एकत्र केलेले चौकोन, खाली बेरीज, बेरजेखाली टीप. ते सगळं सोडवून घ्यायचं. एका ओळीत एकच गोष्ट: वर्ष, जिल्हा, गुन्ह्याचं शीर्ष, आकडा. पाचवा रकाना टिपेचा, आणि तो कधीही गाळायचा नाही. का ते पुढे येईलच. 'शून्य' आणि 'माहिती नाही' हे दोन वेगळे ठेवायचे. कोऱ्या चौकोनात शून्य भरलं, की जिथून माहितीच आली नाही तो जिल्हा कागदावर रामराज्य होतो.

मराठीची स्वतःची एक गंमत आहे. इंग्रजीत जिल्ह्याचं नाव टाकलं की वाक्य पुरं होतं. आपल्याकडे 'ठाणेमध्ये' आणि 'साताराध्ये' अशी पानं निघतात आणि वाचणारी पहिल्याच ओळीला हसते. ठाण्यात, साताऱ्यात, कोल्हापुरात, रत्नागिरीत, बीडमध्ये: प्रत्येक नावाचं रूप वेगळं, म्हणून त्यांचा एक छोटा तक्ता वेगळा करायचा. लिंगाचंही तेच. गुन्हे वाढले, प्रकरणं वाढली, छेडछाड वाढली. मी यावर एक युक्ती सुचवते. कर्ता नेहमी 'नोंद' ठेवा. '२०२१ साली ठाण्यात अमुक कलमाखाली इतक्या गुन्ह्यांची नोंद झाली; २०२० साली इतक्या गुन्ह्यांची झाली होती.' व्याकरण सुटतं आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे खोटं बोलणं टळतं. कारण हा तक्ता अत्याचारांचा नाहीच, तो पोलीस ठाण्यातल्या वहीचा आहे. 'यंदा' आणि 'गेल्या वर्षी' हे शब्दही साच्यात नकोत. २०१७ चा अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये बाहेर आला, २०२३ चा आला २०२५ मध्ये. 'यंदा' म्हणजे कधी?

आता मुख्य मुद्द्यावर येते. यंत्र वजाबाकी बरोबर करतं. त्या वजाबाकीला अर्थ आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसतं.

बलात्काराच्या नोंदी घ्या. देशात २०१२ साली २४,९२३, आणि २०१३ साली ३३,७०७. आपोआप तयार होणारं पान म्हणेल, ३५.२ टक्के वाढ, आणि शेजारी लाल बाण काढेल. पण त्या दोन वर्षांच्या मध्ये काय झालं? डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीची घटना घडली, देशभर लोक रस्त्यावर आले. २०१३ साली कायदा बदलला. बलात्काराची व्याख्या रुंद झाली. तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद आली. संमतीचं वय १६ वरून १८ झालं, आणि त्यामुळे पळून गेलेल्या सतरा वर्षांच्या मुलीच्या बापाने केलेली तक्रारही याच रकान्यात जाऊन बसू लागली. म्हणजे त्या ३५ टक्क्यांत धीर करून पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्या बायका आहेत, पूर्वी 'विनयभंग' म्हणून लिहिले गेले असते असे गुन्हे आहेत, पोरीच्या प्रेमावर सूड उगवणारे बाप आहेत, आणि प्रत्यक्ष वाढलेली हिंसाही असेल. हे सगळं एका लाल बाणात कोंबायचं?

आपल्या चळवळीला हे नवीन नाही. १९८३ पूर्वी ४९८-अ नव्हतं, १९८६ पूर्वी ३०४-ब नव्हतं. तेव्हाही सुना जळत होत्या, पण वहीत लिहिलं जायचं 'स्टोव्हचा भडका, अपघाती मृत्यू'. रकाना आपण भांडून मिळवला. आज त्या रकान्यातला आकडा वाढला म्हणून 'बायका कायद्याचा गैरवापर करतात' असं म्हणणारे, आणि कमी झाला म्हणून 'आता प्रश्न सुटत आला' असं म्हणणारे, दोघंही आपलंच पान पुढे करू शकतात. म्हणून पान करतानाच सावध राहायचं.

घटीचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. स्त्रियांवरील गुन्ह्यांच्या एकूण नोंदी २०१९ साली ४,०५,३२६ होत्या, २०२० साली ३,७१,५०३ झाल्या. ८.३ टक्के घट. हिरवा बाण. ते टाळेबंदीचं वर्ष! मारणारा नवरा चोवीस तास घरात, माहेरची वाट बंद, एसटी बंद, हातातला एकुलता एक फोनही त्याच्याच खिशात. त्याच वर्षी राष्ट्रीय महिला आयोगाकडे २३,७२२ तक्रारी आल्या, त्याआधीच्या सहा वर्षांतल्या सर्वाधिक. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, गुन्ह्यांच्या नोंदी ४,२८,२७८ वर गेल्या, आणि यंत्राने लिहिलं १५.३ टक्के वाढ. एका वर्षी हिरवं, दुसऱ्या वर्षी लाल, आणि दोन्ही वेळा उत्तर तेच: दार बंद होतं, मग उघडलं. २०२१ ची तुलना २०१९ शी केली तर वाढ दिसते ५.७ टक्के. म्हणून मी आग्रहाने सांगते, लगतच्या वर्षाबरोबर निदान पाच वर्षांची ओळ त्याच पानावर दाखवा. आणि बाणांना लाल-हिरवा रंग देऊ नका. नोंद वाढणं हे संकटही असू शकतं आणि आपल्या समुपदेशन केंद्राच्या कामाचं फळही. रंग दिला की निकाल लागतो.

आता तो टिपेचा रकाना. २०१९ चा अहवाल पहिल्यांदा आला तेव्हा त्यातली एकूण बेरीज ४,०५,८६१ होती. मघाशी मी ४,०५,३२६ म्हटलं. फरक ५३५ चा. गोष्ट अशी, की पश्चिम बंगालची २०१९ ची माहिती वेळेत आली नव्हती, म्हणून त्यांनी त्या राज्याचे २०१८ चेच आकडे २०१९ च्या रकान्यात ठेवले आणि तशी टीप दिली. पश्चिम बंगालमध्ये २०१८ साली ३०,३९४ आणि २०१९ सालीही बरोबर ३०,३९४! पुढच्या अहवालात तो आकडा २९,८५९ असा दुरुस्त झाला, म्हणजे ५३५ ने कमी. टीप गाळून तक्ता भरला असता तर आपल्या पानावर ठळक अक्षरांत आलं असतं, 'पश्चिम बंगाल: शून्य टक्के बदल, परिस्थिती स्थिर'. दोन वर्षांचे आकडे घेताना दोन्ही शक्यतो नव्या अहवालातूनच घ्या आणि कुठल्या अहवालातला आकडा, हे ओळीत लिहा.

जिल्ह्यांचंही असंच. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. यंत्राला वाटणार, ठाण्यात एकदम सुधारणा झाली आणि पालघर नावाचं संकट कुठून तरी उपटलं. त्यात हे तक्ते महसुली जिल्ह्याचे नसून पोलीस घटकांचे असतात. २०१८ साली पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं झालं, २०२० साली मीरा-भाईंदर, वसई-विरारचं. हद्द बदलली की त्या वर्षाची तुलना छापायचीच नाही. तिथे साच्याने 'हद्द बदलल्यामुळे तुलना करता येत नाही' असं वाक्य टाकायचं. नावं बदलतात तेव्हा निदान हद्द तरी तीच असते. उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्याला एक कायमचा क्रमांक द्या. नाहीतर एक जिल्हा मेला आणि दुसरा जन्मला असं पान निघतं.

टक्क्यांबद्दल एक नियम. आदल्या वर्षाचा आकडा लहान असेल तर टक्के काढू नका. एका जिल्ह्यात एक गुन्हा होता, पुढच्या वर्षी तीन झाले; दोनशे टक्के वाढ! हा मथळा उद्या कोणीतरी उचलणार आणि परवा आपल्यालाच खोटं ठरवणार. मी मर्यादा वीस ठेवते. तुम्ही पन्नास ठेवा, पण ठरवून लिहून ठेवा. एकूण आकडा आणि दर यांतही गफलत नको. २०२२ मध्ये एकूण नोंदी ४,४५,२५६ आणि २०२३ मध्ये ४,४८,२११, म्हणजे वाढ. पण दर लाख स्त्रियांमागे दर ६६.४ वरून ६६.२, म्हणजे किंचित घट. दोन्ही खरं आहे. दोन्ही छापा. दर अंदाजित लोकसंख्येवर काढलेला असतो हेही छापा.

आणि लहान आकड्यांत याहून मोठी जोखीम आहे. आपल्यापैकी काहीजणींना वाटतं, पान तालुक्यापर्यंत, पोलीस ठाण्यापर्यंत न्यावं. यंत्राला तेवढीच मेहनत पडते, म्हणून मोह होतो. पण ज्या छोट्या गावाच्या ठाण्यात वर्षाला पॉक्सोची एकच नोंद आहे, तिथे ती मुलगी कोण हे आठवडी बाजारात सगळ्यांना माहीत असतं. आपण नाव छापत नाही, पण आपलं पान बोट दाखवतं. पीडितेची ओळख उघड करणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी आपण ते केलं नसतं. जिल्ह्याखाली जायचं असेल तर पाचपेक्षा कमी आकडा सरळ झाका. बेरजेतून तो परत काढता येत नाही ना, तेही तपासा.

एक गोष्ट कुठल्याच साच्याने सुटत नाही. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली, तरी एनसीआरबी मोजते ती सगळ्यात जड शिक्षेचं एकच. बलात्कार करून खून केला तर तो प्रामुख्याने खुनात जातो. छळ करून मारलेली सून ३०४-ब मध्ये मोजली जाते, ४९८-अ मध्ये दिसत नाही. म्हणून शीर्षांची आपसांत बेरीज-वजाबाकी करून निष्कर्ष काढताना जपून. आणि जी कधी ठाण्यात गेलीच नाही ती तर कुठेच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हा एक आकडा प्रत्येक पानाच्या तळाशी कायमचा छापा, मग नोंदीचा बाण कुठेही वळो.

शेवटचं काम आजच करायचं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. म्हणजे २०२४ या एका वर्षाच्या अर्ध्या नोंदी जुन्या कलमांखाली, अर्ध्या नव्या. ३७६ चं ६४ झालं, ३०४-ब चं ८०, ४९८-अ चं ८५ आणि त्याची व्याख्या ८६ मध्ये, ३५४ चं ७४, ५०९ चं ७९. ही जोडयादी तयार नसेल तर यंत्र सांगेल की भारतात नवऱ्याकडून होणारा छळ बंद झाला. बहुतेक कलमांची जोडी लागते. ३७७ ची लागत नाही. ते कलम नव्या संहितेत नाहीच, त्यामुळे पुरुष आणि हिजडा व्यक्तींवरच्या लैंगिक अत्याचाराला त्या जागी काही उरलेलं नाही. तो रकाना जुलै २०२४ नंतर रिकामा होत जाणार, आणि साचा लिहिणार 'शंभर टक्के घट'. तिथे टीप लागेल, आणि ती कायदा जाणणाऱ्या कोणीतरी लिहावी लागेल. तुमच्यात वकील किती आहेत? हात वर करा, म्हणजे चहाआधी कलमं वाटून घेऊ.