बाळ आधी, औषध नंतर

(सारनाथहून परतताना सीमाभागातल्या आशाताई आणि महिला मंडळाच्या सभासदांसमोर वाराणसीच्या शिंदे घाटावर केलेलं भाषण)



बसा, पायरीवर ऐसपैस बसा. हा घाट आपल्याच भागातल्या बाईनं बांधलाय. बायजाबाई शिंदे मूळच्या कागलच्या. १८३० साली त्यांनी तो उभारला आणि स्वतःच्याच वजनानं तो खचला. समोरचं कललेलं देऊळ बघताय ना, त्याला इथं मातृऋण महादेव म्हणतात. आईचं ऋण फेडलं असं कुणी बोललं म्हणून देऊळ कललं, अशी कथा सांगतात. कथा राहू द्या. आईच्या ऋणावर देवळं बांधणाऱ्या या देशात बाळंतीण रक्त जाऊन मरते, आणि मेल्यावर आपण तिला अळवंतीण म्हणतो. म्हणजे मेली तीच, वर घाबरायचं तिलाच!

मी बेळगाव जिल्ह्यात नर्स म्हणून उपकेंद्रावर नोकरी केली. आज बोलणार आहे ते अंगावरून जाणाऱ्या रक्तावर आणि ते थांबवणाऱ्या औषधांवर.

बाळंतपणात थोडं रक्त जातंच. वार पडली की गर्भाशय मुठीसारखं आवळतं आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ते आवळलं नाही, सैल राहिलं, तर नळ उघडा राहावा तसं रक्त जातं. अर्धा लिटर गेलं की धोका मानायचा. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला तेवढंही झेपत नाही, आणि आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय आहे. कोणाच्या ताटात भाजी-डाळ कमी पडते हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१८-२० च्या सरकारी आकड्यांत लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या, या उत्तर प्रदेशात १६७.

आता आपल्या घरची गोष्ट. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयानं जिल्ह्यातल्या खेड्यांत एक अभ्यास केला. १६२० बाया. बाळंतपण घरी किंवा उपकेंद्रात, करणाऱ्या आपल्यासारख्याच नर्सबाया. बाळ झाल्यावर निम्म्या जणींना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, ६०० मायक्रोग्रॅम, आणि निम्म्या जणींना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. बाईच्या खाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावायची, रक्त किती गेलं ते दिसायचं. बिनऔषधाच्या गटात १०० पैकी १२ जणींना जास्त रक्तस्राव झाला, औषधाच्या गटात ६.४ जणींना. फार मोठा रक्तस्राव १.२ वरून ०.२ टक्क्यांवर आला. २००६ साली हे लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि जगानं वाचलं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं याच कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली.

निम्म्या बायांना रिकामी गोळी मिळाली हे मला आजही खुपतं. पुराव्याची किंमत नेहमी खेड्यातल्या गरीब बाईनंच का द्यायची? पण त्या अभ्यासानं एक गोष्ट पक्की केली: डॉक्टर नसलेल्या, खेड्यात फिरणाऱ्या बाईच्या हातात हे औषध सुरक्षित राहतं. तिला नीट शिकवलं तर.

शिकवण्यावरच सगळं अडतं. इथल्या आसपासच्या गावांत नाळ कापणं, वार पुरणं हे काम चमार बायांच्या वाट्याला आलं. आपल्याकडं मांगवाड्यातल्या, महारवाड्यातल्या सुइणी बोलवायचे. विटाळाचं काम म्हणून हात आपले हवेत, पण औषधाचं ज्ञान त्या हातांना द्यायचं नाही. मग होतं काय? गावातला कंपाउंडर येतो आणि कळा वाढवायला सुई टोचतो. ती सुई बऱ्याचदा ऑक्सिटोसिनची असते. बाळ झाल्यावर जी आईला वाचवते, तीच बाळ पोटात असताना बेमाप टोचली तर गर्भाशय फाटू शकतं, बाळ गुदमरू शकतं. दवाखान्यात तीच सलाईनमधून थेंब मोजून देतात, बाळाचे ठोके ऐकत. घरी ती मोजणी कोण करणार?

म्हणून पाठ करा. बाळ आधी, औषध नंतर. मिसोप्रोस्टॉलही तसंच. बाळ बाहेर आलं, पोटावर हात ठेवून आत जुळं नाही ना हे बघितलं, मगच गोळ्या. २०० च्या तीन, तोंडानं, एकदाच. पाकिटातून आधी काढून ठेवायच्या नाहीत, दमट हवेनं त्या खराब होतात. थंडी वाजेल, ताप येईल, कधी जुलाब होतील; ते काही वेळात उतरतं, घाबरू नका आणि कुणी बाहेरची बाधा म्हणालं तर ऐकू नका. रक्त तरीही थांबत नसेल तर आणखी गोळ्या देत बसायचं नाही. पोट चोळत राहायचं, १०८ ला फोन लावायचा आणि निघायचं.

दवाखान्यात पहिली पसंती ऑक्सिटोसिनलाच, १० युनिट, बाळ झाल्याबरोबर. पण ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. खिडकीत उन्हात पडलेली कुपी म्हणजे भरवसा नाही. तुमच्या उपकेंद्रातला फ्रिज चालू आहे का, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क तुम्हाला आहे. मेथर्जिन रक्तदाब वाढलेल्या बाईला द्यायचं नाही. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड शिरेतून देतात, रक्तस्राव सुरू झाल्यावर, बाळंतपणापासून तीन तासांच्या आत. या दोन्ही गोष्टी घरी करायच्या नाहीत, पण विचारायच्या मात्र.

एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं खासगी कंपन्यांना देशात विकण्यासाठी ऑक्सिटोसिन बनवायला बंदी घातली, एकाच सरकारी कारखान्याला परवानगी दिली. कारण काय, तर गाई-म्हशींना पान्हा फुटावा म्हणून ते टोचतात. जनावरांचे हाल थांबवावेत, माझी ना नाही. पण बाळंतिणींना ते पुरेल का, याचा हिशेब कुणी नीट केला नव्हता. औषधांवर काम करणारे कार्यकर्ते आणि कंपन्या कोर्टात गेल्या आणि १४ डिसेंबर २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी बाजू मांडली होती. नव्वद वर्षांनीही आधी गाय, मग बाई!

आता शेवटचं काम. बाईला पुढच्या दवाखान्यात पाठवताना चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा: बाळ किती वाजता झालं, कोणतं औषध किती दिलं, आणि किती वाजता. चिठ्ठी बाईच्या हातात नको, ती बेशुद्ध पडेल तर हरवेल. सोबतच्या माणसाकडं द्या. लिहिता येत नसेल तर औषधाचं रिकामं पाकीट पाठवा, फेकू नका. त्यावर नाव असतं, डॉक्टरला कळतं.

विचारा आता, काय विचारायचंय ते.