घरच्या संगणकावर दूरचित्रवाणी



आजचा विषय यंत्राचा आहे, पण बोलणारा यंत्राचा माणूस नाही. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. इतिहासाच्या माणसाला एक खोड असते, जे घडून गेले त्याचा कागद कुठे आहे, असे तो विचारीत सुटतो. मला ही खोड लागली ती पुस्तकामुळे नव्हे, एका दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमामुळे. तेव्हा आधी ती हकीकत सांगतो.

१९९५ सालच्या जानेवारीतली गोष्ट. आमचे गाव मंगळवेढ्याकडचे, म्हणजे ज्वारीचे. वडिलांची मालदांडी त्या वर्षी चांगली साधली होती. ही मालदांडी आपल्या मोहोळच्याच संशोधन केंद्राची देणगी आहे, हे पुष्कळांना ठाऊक असेल. शेतीच्या कार्यक्रमासाठी मुंबईहून माणसे आली, बांधावर कॅमेरा लावला आणि वडिलांना बोलते केले. कार्यक्रम कोणत्या संध्याकाळी लागणार, तेही सांगून गेली. माझ्या चुलत्यांच्या मनात आले, हे जपून ठेवावे. त्या काळी लग्नाच्या कॅसेटी बघायला व्हिडिओचे यंत्र एका रात्रीपुरते भाड्याने मिळत असे. चुलत्यांनी ते मोटारसायकलवर मांडीत धरून आणले, बरोबर कोरी कॅसेट आणली. सारी गल्ली आमच्या ओसरीवर. कार्यक्रम सुरू झाला, वडील पडद्यावर आले, आई आत जाऊन रडून आली. आणि चुलते यंत्राशी झटापट करताहेत! ते यंत्र नुसते दाखवणारे होते. त्यात नोंदवायची सोयच नव्हती, लाल ठिपक्याचे बटणच नव्हते. दहा-अकरा मिनिटांत सगळे संपले. वडील २००९ साली गेले. त्यांचा आवाज आज आमच्या घरात कुठेही नाही.

आता ही सोय घरातल्या साध्या संगणकावर होते, आणि तीही अशी की मूळ चित्रात आणि नोंदवलेल्या चित्रात तसूभर फरक पडत नाही. ती कशी, हे थोडे समजून घेऊ.

आपल्या बऱ्याच घरांवर जी छत्री दिसते, तिच्यापासून सुरुवात करू. दूरदर्शनची फुकट सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली, आज तिला डीडी फ्री डिश म्हणतात. छत्री आणि डबा एकदा घेतला की महिन्याचे पैसे नाहीत. ही सेवा जीसॅट-१५ या आपल्या उपग्रहावरून येते. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गियानातून आकाशात गेला आणि विषुववृत्तावर, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर उभा आहे. उभा म्हणजे आपल्याला तसा दिसतो, पृथ्वीबरोबर तोही फिरतोच. सोलापुरातून पाहिले तर तो थेट आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर असतो. अंतर साडेछत्तीस हजार किलोमीटरच्या घरात. गुरुजींनी वर्गात हे गणित अवश्य करून घ्यावे, आपल्या गावचे अक्षांश-रेखांश घेतले की नववी-दहावीच्या त्रिकोणमितीवर उत्तर निघते. एक मात्र ध्यानात ठेवा. छत्री दिसायला तेवढी वर पाहत नाही, कारण तिचा पत्रा तिरक्या बेतीचा असतो. म्हणून मुले म्हणतील, सर, तुमचे उत्तर चुकले!

उपग्रहाकडून येते ते आता पूर्वीसारखे लहरींचे चित्र नसते, आकडे असतात. पूर्वीचे म्हणजे मुंग्या येणारे, अँटेना फिरवून फिरवून पाहायचे चित्र. ते दिवस गेले. सोलापूर शहरात केबलवाल्यांनी ३१ मार्च २०१३ च्या मुदतीत अंकीय पद्धत घ्यावी असा सरकारी नियम होता, आणि दूरदर्शनने आपले जुन्या पद्धतीचे मनोरे मार्च २०२२ पर्यंत मोजकी ठिकाणे सोडून बंद केले. आता जे येते ते १८८ बाइटांच्या गठ्ठ्यांनी येते. बाइट म्हणजे शून्यापासून २५५ पर्यंतचा एक आकडा, एवढे समजा.

आपण सोलापूरकर, रेल्वे आपल्या अंगवळणी पडलेली. फाटकाशी उभे राहून मालगाडी पाहता ना? तसेच हे आहे. प्रत्येक डबा अगदी १८८ बाइटांचा, कमी नाही जास्त नाही. प्रत्येक डब्याचा पहिला आकडा ७१ असतो. ती खूण दिसली की नवा डबा सुरू झाला. त्यानंतर डब्याचा नंबर, तो ० ते ८१९१ यांच्यामधला, कारण त्याला तेरा घरे दिली आहेत आणि दोनाचा तेरावा घात ८१९२ होतो. अमुक नंबरचे डबे सह्याद्रीच्या चित्राचे, तमुक नंबरचे सह्याद्रीच्या आवाजाचे, आणखी कुठले चंदनाच्या कन्नड बातम्यांचे. सगळे एकाच गाडीला जोडलेले! आपला सेटटॉप बॉक्स काय करतो, तर हव्या त्या नंबरचे डबे उचलून पडद्यावर रिकामे करतो आणि बाकीचे सोडून देतो.

संगणकाला हेच काम करायला एक छोटे कार्ड लागते. दुकानात त्याला टीव्ही ट्यूनर कार्ड म्हणतात, मात्र ते उपग्रहाचे, डीव्हीबी-एस२ जातीचे हवे. मनोऱ्याचे किंवा केबलचे घ्याल तर पैसे पाण्यात. एक जात संगणकाच्या आत बसते, दुसरी यूएसबीला बाहेरून लागते. छत्रीची वायर डब्याऐवजी या कार्डाला जोडायची. मग हव्या नंबरचे डबे पडद्यावर रिकामे करण्याऐवजी जसेच्या तसे हार्ड डिस्कवर ठेवून द्यायचे. झाले ध्वनिचित्रमुद्रण! यात नक्कल पुसट होत नाही, कारण आकड्याची नक्कल आकडाच असते, ७१ चे ७१ च राहतात. शिवाय दोन वाहिन्या एकाच गाडीने येत असतील तर एका कार्डावर दोन्ही नोंदवता येतात. आमच्या सोलापुरात एका वाड्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा नांदतात. सकाळी सह्याद्री लावायचे की यादगिरी, यावरून होणारे भांडण असे मिटू शकते. मिटतेच असे नाही.

यासाठी लागणारी आज्ञावली फुकट मिळते. व्हीएलसी हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल, नारिंगी-पांढऱ्या शंकूचे चित्र असलेले. त्याचा जन्मच या कामातून झाला. १९९६ साली पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी विद्यालयातल्या विद्यार्थ्यांना वसतिगृहातले संगणकाचे जाळे वेगवान करून हवे होते. त्यासाठी कारण दाखवायला त्यांनी योजना मांडली, की एकाच छत्रीवरचा कार्यक्रम जाळ्यातून सर्व खोल्यांत पोचवू, खोलीगणिक छत्री नको. वेगवान जाळे त्यांना खेळ खेळायला हवे होते, हे ते पुढे मोकळेपणाने सांगत. पोरे इथून तिथून सारखीच! पण त्यातून जे निघाले ते २००१ पासून जगाला फुकट आहे. नेमाने, वेळ लावून नोंदवायचे असेल तर टीव्हीहेडएंड नावाची आज्ञावली अधिक बरी. ती लिनक्सवर चालते, म्हणजे शाळेच्या अडगळीतला जुना संगणकही पुरतो.

कुलूप लावलेल्या वाहिन्या मात्र या रीतीने दिसत नाहीत. खासगी कंपन्यांच्या छत्रीवर जे येते ते त्यांच्याच डब्याने आणि त्यांच्याच कार्डाने उघडते. तिथे खटपट करू नये, ते कायद्याचे काम नव्हे.

कायद्यावरून आठवले. शिक्षक मंडळी मला नेहमी विचारतात, असे नोंदवणे चालते का? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३९ पाहा. स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापनासाठी वा संशोधनासाठी प्रक्षेपणाचे मुद्रण केले तर तो भंग होत नाही. पण तीच फाइल विकणे, किंवा आपल्या नावाने जगभर टाकणे, ही गोष्ट निराळी.

आता हे सारे कशासाठी, ते सांगतो.

२०२० साली शाळा बंद झाल्या. त्या वर्षी २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने केलेली, बालभारतीच्या पाठांवर. मालिका चांगली होती. पण ती लागे इयत्तेगणिक ठरल्या वेळी, आणि आमच्या मेहुण्यांच्या वस्तीशाळेतली पोरे त्या वेळी कुठे? कोणी शेरडांमागे, कोणी आईबरोबर डाळिंबाच्या बागेत. तीन भावंडांत एक फोन, तोही बाप घेऊन जाणार. मेहुणे जिल्हा परिषदेचे शिक्षक. मला म्हणाले, “दाजी, तुमच्या त्या यंत्रात हे पकडून ठेवता येईल का? पोरं दिवेलागणीला मोकळी असतात.”

मग मी ते काम केले. रोज सकाळी संगणक आपोआप जागा होई, धडे उतरवून घेई. साध्या चित्राला तासाला सुमारे सव्वा ते दीड जीबी जागा लागते. आठवड्याचे धडे पेन ड्राइव्हवर घालून वस्तीवर पाठवायचे. देवळाच्या मंडपात टीव्ही ठेवून, सहा-सात पोरे लांब लांब बसवून मेहुणे ते दाखवीत. एका संध्याकाळी मी गेलो होतो. गणिताचा धडा चालला होता. तिसरीतली एक मुलगी मध्येच उठून म्हणाली, “सर, थांबवा की! मला अजून कळंना.” मेहुण्यांनी चित्र थांबवले आणि खडूने फरशीवर बेरीज मांडली. दूरचित्रवाणीला ‘थांबा’ म्हणणारे मूल मी तरी त्या दिवशी प्रथम पाहिले.

रेडिओच्या माणसांना हे नवे नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे बसवली होती. कार्यक्रम ऐकायचा आणि तो संपल्यावर तिथेच चर्चा करायची, अशी ती रीत. ऐकण्यापेक्षा नंतरच्या बोलण्यातच जास्त शिकणे झाले, असे मला वाटते. दूरचित्रवाणी ही रीत विसरली, कारण तिचे चित्र पुढे पुढे पळते.

आमच्या शेजारीच एक मोठा प्रयोग झाला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट कार्यक्रम आले. कर्नाटकातले जिल्हे होते विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर, म्हणजे आपल्या उशालगतचे. महाराष्ट्र त्यात नव्हता. माझे मामा विजापूर जिल्ह्यातले. शेजारच्या गावी शाळेवर तारेच्या जाळीची दहा फुटी छत्री होती, तिच्यासाठी ते दोन मैल चालत जात. सकाळी दीड तास शाळेचे, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांचे. वर्ष संपले, उपग्रह परत गेला. “आणि मग?” असे मी एकदा विचारले. मामा म्हणाले, “मग काय, टीव्ही होता, त्यात काही नव्हतं.” शाळेत एक धडा जरी ठेवून घेता आला असता!

कोणी म्हणेल, आता सगळे यूट्यूबवर मिळते, मग ही उठाठेव कशाला? ज्यांच्याकडे चांगले जाळे आहे त्यांनी खरोखरच करू नये. एवढ्यासाठी नवा संगणकही घेऊ नका. फ्री डिशच्या कित्येक डब्यांना पेन ड्राइव्ह लावून नोंदवता येते, तेवढ्यावरही काम भागेल. पण शाळेत संगणक पडून असेल आणि वाडीवर फोनला रेंज नसेल, तिथे हा उपाय सोन्यासारखा. जुलै २०१७ पासून सुरू असलेल्या स्वयंप्रभा वाहिन्याही याच छत्रीवर येतात. तिथे महाविद्यालयाचे धडे रोज चारेक तास नवे लागतात आणि दिवसात पुन्हा पुन्हा दाखवतात. रात्री तीनचा धडा संगणकाला नोंदवू द्या, आपण झोपा.

चार अडचणी मला आल्या, त्या तुम्हाला येऊ नयेत. संगणकाचे घड्याळ मागे पडले तर धड्याचे शेपूट हातून जाते. पाच मिनिटे आधी सुरू करा, दहा मिनिटे उशिरा थांबवा. वीज गेली तर सगळेच जाते, जमल्यास इन्व्हर्टर ठेवा. परतीच्या पावसात काळे ढग आले की चित्राचे चौकोन चौकोन होतात, त्याला इलाज नाही. आपल्याकडे पाऊस तो किती, सोसा. आणि फाइलला त्याच दिवशी नाव द्या, तारीख, वाहिनी, विषय. माझ्याकडे नावावाचून पडलेल्या फायली आहेत, त्या उघडून पाहायला मला अजून सवड झालेली नाही. ‘टिलीमिली’चेही दोन आठवडे माझ्या हातून गेले. डिस्क भरली होती आणि मी पाहिलेच नाही. चौथीच्या पोरांना अपूर्णांकाचे धडे मिळाले नाहीत. मेहुण्यांनी ते फळ्यावर शिकवले.

आता शेवटची एक विनंती. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत जुन्या व्हिडिओ कॅसेटी असतील. त्यांच्या फितीला बुरशी लागते. पांढरे ठिपके दिसले तर यंत्रात घालू नका, आधी जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या आणि मग संगणकावर उतरवून घ्या. लग्नाची कॅसेट म्हणून टाकून देऊ नका. पुष्कळदा लग्न संपल्यावर उरलेल्या फितीवर कोणीतरी टीव्हीवरचे काहीबाही नोंदवलेले असते. आणि त्यात १९९५ सालच्या जानेवारीतली एखादी संध्याकाळ निघाली, बांधावर पांढरा फेटा बांधलेला, ज्वारीचे कणीस हातात धरून जरा मोठ्याने बोलणारा एक शेतकरी दिसला, तर आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रावर माझ्या नावाने एक पत्र टाका. कॅसेट न्यायला मी स्वतः येईन.