गुपित फुटते कुठे?



सरकारी नोकरी लागली की आपल्या मुलांची पोलीस पडताळणी होते. पत्ता, गुन्हे तपासले जातात. त्याला आपली हरकत नाही. पण १९८५ सालचे कुमार नारायण प्रकरण आठवा. पंतप्रधान कार्यालयातले गोपनीय कागद फोडले, ते आतल्याच विश्वासू कर्मचाऱ्यांनी. प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांनी कार्यालयाची जबाबदारी मानून राजीनामा दिला. हेच पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : पडताळणी नोकरीच्या पहिल्या दिवशीच संपू नये आणि कारकुनाबरोबर साहेबांनीही जाब द्यावा. १९२३ च्या गोपनीयता कायद्याआड कोणी चुका झाकू लागले, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा वापरा. दोहोंत विसंगती असेल तिथे कलम २२ प्रमाणे माहिती अधिकारच वरचढ ठरतो.