स्लाइम का वाहतो आणि का तुटतो?

ज्या घरात शाळकरी मुलं आहेत तिथे स्लाइमची ओळख करून द्यायला नको. हळू ओढला तर हातभर लांबतो, झटका दिला की तटकन तुटतो. बहुवारिकांचं, म्हणजे पॉलिमरचं, रसायनशास्त्र इतक्या उघडपणे हाताला जाणवून देणारा दुसरा पदार्थ मला तरी माहीत नाही.

घरी स्लाइम करायला लागणाऱ्या गोंदात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असतं. त्याचा रेणू म्हणजे कार्बन अणूंची लांबच लांब साखळी, आणि एकाआड एक कार्बनवर हायड्रॉक्सिल गट. असे महाकाय रेणू असतात, हे हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडलं तेव्हा बड्या रसायनतज्ज्ञांनी ते मानलं नाही. त्यांना नोबेल मिळायला १९५३ साल उजाडलं.

पाण्यात या साखळ्या शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकींवरून सरकतात, म्हणून गोंद ओतता येतो. त्यात टाकणखाराचं पाणी घाला. सोनार दागिना सांधताना वापरतात तोच हा टाकणखार. त्यातून बोरेट आयन तयार होतो: मध्ये बोरॉन, भोवती चार हायड्रॉक्सिल. दोन बाजूंनी तो एक साखळी धरतो, उरलेल्या दोन बाजूंनी दुसरी. सुट्या साखळ्यांचं जाळं होतं.

पण हे सांधे कच्चे असतात, आणि सगळं मर्म त्यातच आहे. रबरात गंधकाने घातलेले सांधे पक्के, म्हणून टायर ओघळत नाही. बोरेटचा सांधा मात्र सतत सुटतो आणि दुसरीकडे जुळतो. हळू ओढलं तर त्याला तेवढी सवड मिळते आणि स्लाइम वाहतो. झटक्यात ती मिळत नाही. थोडं व्हिनेगर घाला, बोरेटचं बोरिक आम्ल होतं, सांधे उकलतात आणि स्लाइम पातळ होतो. टाकणखार पोटात जाऊ देऊ नका; मोठ्या माणसाने जवळ बसावं, खेळून झाल्यावर हात धुवावेत.

मॅटेल कंपनीने १९७६ साली अमेरिकेत आणलेला स्लाइम गोंदाचा नव्हता, गवारीच्या बियांपासून काढलेल्या गमचा होता. जगातली बहुतेक गवार आपल्याकडे, मुख्यतः राजस्थानात पिकते. अमेरिकेतल्या तेल-वायूच्या विहिरींत खडक फोडण्यासाठी हाच गम बोरेटने घट्ट करून वाळूसकट खाली दाबतात. वाळू भेगांत बसली की सांधे सोडवतात. द्रव पातळ होऊन वर येतो, वाळू खाली राहते आणि भेगा उघड्या ठेवते. २०१२च्या सुमारास या मागणीने राजस्थानात गवारीचे भाव आभाळाला भिडले होते.