जर्मनीला निघालेल्या नर्स लेकीसाठी



आजचा विषय लांबचा वाटेल, पण तो आता आपल्या बैठकीत येऊन बसला आहे. पूर्वी अंतर्गत कर्जाच्या अर्जावर शेळी, शिलाई मशीन, खत-बियाणं अशी कारणं असायची. आता त्यात एक नवं कारण येतं: मुलीचा जर्मन भाषेचा क्लास. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या आपल्या मुली जर्मनीला जायची तयारी करत आहेत. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. तेव्हापासून आमच्या गटांत तर दर बैठकीला कुणी ना कुणी विचारतंच.

पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांची माहिती एजंट देतो, क्लासवाले देतात. पण वॉर्डात पहिल्या दिवशी पाऊल टाकल्यावर काय वेगळं दिसतं, ते कुणी फारसं सांगत नाही. गेलेल्या मुली घरी फोनवर जे बोलतात, ते आम्ही गटागटांतून ऐकलं आणि नियमांची माहिती घेतली. तेच आज मांडतो.

पहिली गोष्ट कामाचीच. आपल्याकडे दवाखान्यात पेशंटबरोबर घरचं माणूस राहतं. डबा तेच आणतं, भरवतंही तेच. अंग पुसणं, संडास-लघवीचं बघणं हे घरचं माणूस नाहीतर आया-मावशी करतात. नर्स म्हणजे इंजेक्शन, सलाईन, औषधं, डॉक्टरांचा राउंड. जर्मनीत नातेवाईक भेटायला येतात आणि जातात. अंघोळ घालणं, दात घासून देणं, कपडे बदलणं, भरवणं, डायपर बदलणं हे सगळं शिकलेल्या नर्सकडेही असतं. उलट सलाईनची सुई लावायचं काम पुष्कळ ठिकाणी डॉक्टर करतात.

मग मुलगी रडते, “आई, एवढं शिकून मी इथं आयाचं काम करते.” आणि इकडे आईच्या पोटात कालवतं. तर आयांनो, त्या वेळी तुम्हाला हे माहीत असलं पाहिजे की तिला कुणी खाली ढकललेलं नाही. तिथली पद्धतच तशी आहे, तिथल्या नर्सलाही तेच करावं लागतं. अंघोळ घालताना नर्सला पाठीवरचा लाल डाग दिसतो, जखम व्हायच्या आत. भरवताना कळतं की आजोबांना गिळायला त्रास होतो आहे. तिथे हे शिकलेल्या माणसाच्या नजरेचं काम मानतात. पुरुष पेशंटला अंघोळ घालायचा संकोच मुलीला वाटणारच. तो जायला वेळ लागतो. पण निघायच्या आधी हे माहीत असलं, तर निदान धक्का बसत नाही.

आणखी एक. आपल्याकडचं प्रमाणपत्र तिथे मान्य व्हायला वेळ लागतो. तोवर बहुतेक मुली सहायक म्हणून काम करतात आणि पगारही कमी असतो. पुढे प्रशिक्षण पूर्ण केलं किंवा परीक्षा दिली की पूर्ण नर्सचा दर्जा मिळतो. हा मधला काळ धरूनच घरचा हिशोब करा.

दुसरी गोष्ट बोलण्याची, आणि आमच्या मते हीच सगळ्यात मोठी. आपल्या मुलींना आपणच शिकवलेलं असतं की मोठ्या माणसाला उलट विचारू नये, मान खाली घालून ऐकावं, “हो” म्हणावं. आपल्याकडे त्या “हो”चा अर्थ “तुमचा मान राखते” असाही होतो. तिथे “हो” म्हणजे “समजलं, आता मी हे करते.” एवढाच अर्थ. वॉर्डप्रमुख बाईंनी औषधाचं सांगितलं, मुलीला अर्धं कळलं, तिने मान डोलावली, तर समोरची निश्चिंत होऊन निघून जाते. आता चुकीच्या माणसाला चुकीची गोळी गेली तर? मान राखण्यासाठी म्हटलेला “हो” पेशंटच्या जिवावर येऊ शकतो.

तिथे विचारणाऱ्या नर्सला कुणी अडाणी समजत नाही. न विचारणारीचीच जास्त काळजी वाटते. म्हणून एक वाक्य मुलीच्या तोंडात बसवा: “इश हाबे दास निश्त फेरश्टांडन.” म्हणजे “मला हे समजलं नाही.” दुसरं, “बिट्टे लांगझाम,” म्हणजे “जरा सावकाश बोला.” आणि सांगितलेलं काम आपल्या शब्दांत परत बोलून दाखवायचं: “म्हणजे मी अमुक खोलीतल्या बाईंना आठ वाजता ही गोळी द्यायची, बरोबर?” क्लासची परीक्षा पास झाली तरी पहिले काही महिने कान बसत नाहीत. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये म्हातारी माणसं आपल्या बोलीत बोलतात. पुस्तकातली मराठी शिकून आलेल्या माणसाला आपल्या पणजीचं बोलणं जेवढं कळेल, तेवढंच ते कळतं. त्यात मुलीचा दोष नाही.

तिसरी गोष्ट हाक मारण्याची. आपण कुणाही म्हातारीला प्रेमाने “आजी” म्हणतो. तिथे पेशंटला आजी म्हटलं तर तो अपमान वाटू शकतो. बाईंना “फ्राऊ” आणि पुरुषांना “हेर” लावून आडनावाने बोलवायचं आणि “आपण” म्हणायचं. सोबत काम करणाऱ्यांचं मात्र उलट. तिथे बरेचदा वॉर्डप्रमुखालाही नावाने आणि “तू” म्हणून बोलतात. आपल्या मुलींची जीभ “मॅडम” शिवाय वळत नाही. समोरची “मला नावाने हाक मार” म्हणाली, की तसंच करायचं.

चौथी गोष्ट, चूक दाखवण्याची पद्धत. तिथे समोरासमोर सांगतात: “हे बरोबर झालं नाही, असं कर.” आपल्याला वाटतं, चारचौघांत पाणउतारा केला. पण अर्ध्या तासाने तीच बाई कॉफीला बोलावते. तिच्या लेखी विषय संपलेला असतो. कौतुक मात्र तोंडभर होत नाही. त्या भागात एक म्हणच आहे, की रागावलं नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. आपल्याकडच्या काही सासवाही याच म्हणीवर चालतात, त्यामुळे तुम्हाला हे समजायला अवघड जाऊ नये!

पाचवी गोष्ट वेळ आणि नोंद. सहाची पाळी म्हणजे सहाला गणवेश घालून हजर. आधीच्या पाळीची नर्स सगळ्या पेशंटची माहिती सांगून जाते. ती सुटली की पुढचं सगळं चुकतं. पाळी संपल्यावर मात्र निघायचं, साहेब बसले आहेत म्हणून थांबायचं नाही. सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर निदान अर्धा तास सुट्टी घेणं कायद्याने ठरलेलं आहे. दोन पाळ्यांमध्ये साधारण ११ तासांचा आराम लागतो, दवाखान्यात तो काही अटींवर थोडा कमी होतो. आजारी पडलं तर पाळी सुरू व्हायच्या आत कळवायचं आणि घरीच थांबायचं. आजार तीन दिवसांपेक्षा जास्त चालला तर डॉक्टरांचा दाखला लागतो, काही ठिकाणी पहिल्या दिवसापासूनच मागतात. तापात कामाला येणं म्हणजे निष्ठा, असं तिथे मानत नाहीत. पेशंटला आजार लावाल, असंच म्हणतात.

आणि जे केलं ते लिहायचं. लिहिलं नाही तर केलंच नाही, असं धरतात. मैत्रिणींनो, हे तर आपल्याला नवीन नाही. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी बैठक, वहीत नोंद, सही. वहीत नसलेली बचत आपण तरी मानतो का? आपल्या मुली हे लहानपणापासून बघत आल्या आहेत.

आता एक सावधगिरी. सगळंच “तिथली पद्धत” म्हणून गिळायचं नाही. पासपोर्ट काढून ठेवणं, जादा कामाचे पैसे न देणं, सुट्टीच न देणं, रंगावरून किंवा देशावरून टोमणे मारणं ही तिथलीही पद्धत नाही. तो अन्याय आहे. बऱ्याच दवाखान्यांत कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली परिषद असते, तिच्याकडे जाता येतं. “फेअरे इंटेग्रात्सिओन” नावाची सल्ला केंद्रं बाहेरच्या देशांतून आलेल्या कामगारांना हक्कांबाबत फुकट सल्ला देतात. हे नाव वहीत लिहून द्या. करारावर सही करायच्या आधी तो समजेल त्या भाषेत वाचून घ्या. लवकर नोकरी सोडली तर क्लासचे किंवा प्रवासाचे पैसे परत मागणारं कलम त्यात आहे का, ते विशेष बघा. आणि एजंट शासनाच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला आहे ना, याची खात्री केल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

शेवटची गोष्ट आपली, घरच्यांची. मुलगी तिथे जुळवून घेते, पण आपण घेतो का? जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं. आपण सकाळी नऊला फोन लावतो, तेव्हा तिथे पहाट असते. ड्युटीवर असताना तिला फोन घेता येत नाही. नाही घेतला की इकडे “विसरली आम्हाला” सुरू होतं. तिच्या पाळ्यांचं महिन्याचं वेळापत्रक मागवून घ्या आणि भिंतीवर लावा.

पैशाचंही तसंच. समजा करारात महिना ३००० युरो लिहिले आहेत. त्यातून कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेरोजगारी विमा आणि म्हातारपणाच्या सेवेचा विमा कापला जातो. एकट्या मुलीच्या हातात साधारण दोन तृतीयांश, म्हणजे २००० च्या आसपास येतात. त्यातून घरभाडं, खाणं, प्रवास. आपण मात्र ३००० ला रुपयांनी गुणतो, भावाच्या लग्नाची तारीख धरतो आणि घराचा पाया खोदतो. मग ती सुट्टीच्या दिवशीही जादा पाळी मागते, थकते, आणि थकलेल्या नर्सच्या हातून चूक होते. तिने नव्या जागी “नाही” म्हणायला शिकावं असं आपल्याला वाटतं ना? मग तिने आपल्याला “या महिन्यात जमणार नाही” म्हटलं, तर तेही ऐकून घ्यावं लागेल.

म्हणून आम्ही सुचवतो की पुढच्या बैठकीत अर्धा तास यासाठी ठेवा. जाणाऱ्या मुलीला आणि तिच्या आईला, दोघींना बोलवा. एकीने वॉर्डप्रमुख व्हावं आणि भराभर दहा कामं सांगावीत. मुलीने मान डोलवायची नाही, थांबवून विचारायचं: “हे समजलं नाही, परत सांगा.” पहिल्यांदा सगळ्या हसतील, हसू द्या. चार वेळा केलं की जीभ मोकळी होते. त्याच बैठकीत हातात येणाऱ्या पगाराचा हिशोब फळ्यावर मांडा. वर्षाला घरी किती येतील आणि कर्जाचा हप्ता किती जाईल, हे आईसमोर आणि बापासमोर ठरू द्या.

तुमच्या गटातली मुलगी बाहेरदेशी कामाला असेल, तर तिला आलेला अनुभव आम्हाला नक्की कळवा. तो पुढच्या मुलीच्या कामी येईल. आज इथेच थांबतो. नमस्कार.